अंगणाचा मध्य, दोरी आणि ११ सेंटिमीटर: पाडव्याच्या रांगोळीच्या कामाच्या नोंदी (कोपरी, ठाणे पूर्व)

८ मार्च २०२५, शनिवार

काम अंगावर घेतलंय खरं. पाडवा ३० तारखेला, रविवारी आहे, आणि या वर्षी सोसायटीच्या अंगणात पाच मीटर व्यासाची रांगोळी काढायची असं महिला मंडळाने ठरवलंय. गावदेवी मैदानावरच्या मोठ्या रांगोळीशी बरोबरी नाय करायची, पण गेल्या वर्षीसारखी तिरकी नको एवढीच अट. गेल्या वर्षी पेव्हर ब्लॉकच्या रेघा धरून मध्य काढला होता आणि ब्लॉक बसवणाऱ्याने ते कुठल्या भिंतीला धरून बसवले ते त्याचं त्याला माहीत, कारण दुसऱ्या माळ्यावरून बघितलं तेव्हा अख्खं कमळ मान वाकडी करून बसल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या माळ्यावरच्या काकू वर्षभर ते बोलतायत.

तर यंदा रांगोळी काकू आणि मंडळी काढणार, आखणी माझ्याकडे. लॉबीच्या दाराशी दोन खांब आहेत, डाव्याचा बाहेरचा कोपरा म्हणजे अ, उजव्याचा ब. आज टेप लावून मोजलं, अब = ५ मीटर ८६ सेंमी. खांबांपासून गेट १२ मीटर. मला हवी ती रेघ अब च्या बरोबर मधून निघून काटकोनात सरळ गेटकडे जायला पाहिजे, आणि रांगोळीचं केंद्र त्या रेघेवर ६ मीटरवर. म्हणजे सातवीच्या पुस्तकातला लंबदुभाजकच की, फक्त कर्कटक आठ मीटरचा लागणार.

९ मार्च, रविवार

आधी कागदावर. लेक सातवीत आहे, तिच्या कंपास पेटीतला कर्कटक घेतला. त्याचा स्क्रू इतका ढिला की कंस काढता काढता त्रिज्या वाढत जाते, शेवटी स्क्रूखाली कागदाची घडी कोंबली तेव्हा कुठे पाय फाकायचे थांबले.

तिला पायऱ्या तोंडपाठ. रेषाखंड काढा, अ वर टोक ठेवा, निम्म्यापेक्षा जास्त अंतर घ्या, वर-खाली कंस मारा, तेच अंतर ठेवून ब वरून मारा, छेदनबिंदू जोडा. मी विचारलं निम्म्यापेक्षा जास्तच का. तर म्हणे "बाईंनी सांगितलंय". मग म्हटलं कमी घेऊन बघ. ८ सेंमीची रेघ, कर्कटकात ३ सेंमी, दोन्हीकडचे कंस एकमेकांना भेटेचनात. बरोबर ४ घेतले तर रेघेवरच जेमतेम टेकले, एकच बिंदू, आणि एका बिंदूतून रेघ कुठली काढणार? ५ घेतले तेव्हा वर एक आणि खाली एक असे दोन मिळाले. ती म्हणाली "अच्छा म्हंजे हात पोचले पाहिजेत". हे पुस्तकापेक्षा बरं आहे.

मग ही रेघ नक्की असते काय यावर थोडं बोललो. समज कोपरी नाक्यावर दोन वडापावच्या गाड्या आहेत, वडे सारखेच, तर तू जवळच्या गाडीवर जाणार. पण काही जागा अशा आहेत जिथे उभं राहिलं की दोन्ही गाड्या सेम अंतरावर, ठरवताच येत नाय. त्या सगळ्या जागा जोडल्या की लंबदुभाजक. कंस मारतो तेव्हा आपण अशाच दोन जागा शोधत असतो. कुठल्या दोन, याला महत्त्व नाय. तिने लगेच विचारलं मग दोन्ही वरच्या बाजूला घेतल्या तर? चालतं, फक्त दर वेळी कर्कटक वेगळा उघडायचा. (हे आमच्या कामाचं निघालं, कारण खांबांच्या मागे लॉबीच्या तीन पायऱ्या आहेत, खालच्या बाजूला कंस मारायला जागाच नाही.)

काटकोनच का येतो त्याला त्रिकोणांच्या एकरूपतेची बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी आणि मग बाकोबा (बाजू-कोन-बाजू). ते तिनेच मला करून दाखवलं. शेवटी कागद दुमडून अ वर ब ठेवला, घडी बरोबर काढलेल्या रेघेवर पडली. खरं तर इथेच काम संपलं असतं पण अंगण दुमडता येत नाय.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसवरून येताना पश्चिमेला उतरून जांभळी नाक्याला गेलो. २५ मीटर नायलॉन दोरी, गेरू, खडूचा डबा, चार इंची खिळे. रांगोळीचे रंग काकू स्वतः निवडणार, मला त्यातलं कळत नाय असं जाहीर झालेलं आहे.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. काल रात्री होळीनंतर गंमत म्हणून अब ची रेघ खडूने मारून ठेवली होती. आज पोरांनी अकरा वाजेपर्यंत ती पिचकाऱ्यांनी धुतली. काम शून्य.

१५ मार्च, शनिवार

पहिला प्रयोग. खिळे ब्लॉकच्या सांध्यात ठोकले (सेक्रेटरी साहेबांनी वरून विचारलं, फरशी फुटणार नाही ना, म्हटलं नाही). पद्धत सोपी ठेवली. दोरीला ४ मीटरवर एक गाठ, ८ मीटरवर एक गाठ. अ च्या खिळ्याशी लेकीने टोक धरायचं, मी गाठीपाशी खडू धरून कंस मारायचा. मग ब ला. तिथे तिचा हात दुखायला लागला म्हणून वॉचमन काकांनी टोक धरलं. ४ मीटरचे कंस खांबापासून पावणेतीन मीटरवर भेटले, ८ चे साडेसातच्या जरा आत. दोन्ही फुल्या जोडून रेघ गेटपर्यंत नेली.

आणि रेघ गेटच्या जवळजवळ मधोमध! तीन सेंटिमीटरचा फरक. सगळे खूश, काकूंनी चहा पाठवला, वॉचमन काका म्हणाले एकदम झक्कास लाइन आहे साहेब. मीपण फोटो काढून ग्रुपवर टाकला.

१६ मार्च, रविवार

फोटो टाकायची घाई केली.

सकाळी लेक म्हणाली बाबा त्या लांबच्या फुलीपासून दोन्ही खांब मोजू या ना, सेमच यायला पाहिजेत. मी म्हटलं येणारच, आपण सेम दोरीने काढलेत. टेप लावला. अ पासून ८ मीटर ३ सेंमी. ब पासून ७ मीटर ९८. दोनदा मोजलं, तेच. जवळची फुली अ पासून ४.००, ब पासून ४.०१, म्हणजे तिथे ठीक आहे म्हणायचं.

पाच सेंटिमीटर आले कुठून ते दहा मिनिटांत कळलं. नायलॉन ताणला की लांबतो हे माहीत होतं, पण दोन्ही वेळा सारखाच लांबेल असं धरून चाललो होतो. मी अ च्या वेळी फ्रेश होतो, जोर लावून खेचत होतो. वॉचमन काकांची पाळी आली तेव्हा ते टोक खिळ्यावर नाही तर खिळ्याच्या जरा मागे धरून वाकले होते आणि मी काकांना पाडायला नको म्हणून हळू ओढलं. कर्कटकाचा ढिला स्क्रू तोच, फक्त मोठा.

म्हणजे कालची रेघ चुकीची आहे आणि तरी ती गेटच्या मधे जाते. हे कसं काय?

१८ मार्च, मंगळवार

घणसोलीपर्यंत ट्रान्स हार्बर लोकलमधे उभ्याने हिशेब केला, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. लिहून ठेवतो नाहीतर विसरेन.

एका बाजूची त्रिज्या जरा जास्त झाली तर फुली मधल्या रेघेवरून बाजूला सरकते. किती, तर त्रिज्येतला फरक गुणिले त्रिज्या भागिले अब. ८ मीटरला ५ सेंमीचा फरक, म्हणजे ८ गुणिले ५ भागिले ५.८६, ६.८ सेंमी उजवीकडे. जवळची फुली १ सेंमीच्या फरकाने ०.७ सेंमी डावीकडे. दोन फुल्यांमधे अंतर ४.७ मीटर, तेवढ्यात रेघ ७.५ सेंमी कलली, तीच पुढे गेटपर्यंत वाढवली की १४ सेंमी उजवीकडे. तरी गेटच्या मध्याजवळ पोचली, म्हणजे गेटच कुठेतरी ११-एक सेंमी उजवीकडे आहे की काय अशी शंका आली. कोणाला बोललो नाय अजून.

दुसरी गोष्ट, मला वाटायचं की कंस एकमेकांना जितके काटकोनाच्या जवळ छेदतील तितकं चांगलं, आणि लांबट निमुळते छेदले की वाईट. अर्धंच खरं आहे. त्रिज्या निम्म्याहून थोडीशीच जास्त घेतली तर कंस अगदी निमुळते छेदतात, खडूची फुली लांबुळकी होते, पण ती लांबते लंबदुभाजकाच्याच दिशेने, म्हणजे त्या फुलीत पुढेमागे चुकलो तरी रेघ तीच राहते! तिथे घोळ वेगळाच, वरची आणि खालची फुली फार जवळ पडतात आणि हातभर रेघ बारा मीटर वाढवायची म्हणजे बारीक चूक मोठी करून घ्यायची. उलट त्रिज्या खूप मोठी घेतली की फुली आडवी पसरते, ते मात्र खरंच वाईट, कारण आडवी चूक म्हणजे मध्य चुकला. त्यामुळे एक बिंदू जवळ आणि एक लांब ही आमची निवड बरोबर होती, दोरी खेचणारा चुकला. म्हणजे मी.

घणसोलीला बसायला जागा मिळाली, तोपर्यंत एवढंच झालं.

२० मार्च, गुरुवार

उपाय सापडला आणि तो माझा नाही. जुना आहे, भयंकर जुना.

शुल्बसूत्रं म्हणजे यज्ञवेदीच्या आखणीचे जुने ग्रंथ, शुल्ब म्हणजेच दोरी. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सुरुवातीलाच दिशा कशा काढायच्या ते आहे. सपाट जमिनीवर शंकू म्हणजे काठी उभी करायची, भोवती दोरीने वर्तुळ, काठीच्या सावलीचं टोक सकाळी आणि दुपारनंतर वर्तुळाला जिथे टेकतं तिथे दोन खुंट्या, त्या जोडल्या की पूर्व-पश्चिम. आता उत्तर-दक्षिण पाहिजे, म्हणजे या दोन खुंट्यांचा लंबदुभाजक. त्यासाठी ते कंस मारतच नाहीत! दोन खुंट्यांमधल्या अंतराच्या दुप्पट दोरी घ्यायची, दोन्ही टोकांना फास, फास दोन्ही खुंट्यांत अडकवायचे आणि दोरीचा मध्य धरून एका बाजूला ताणायचं, तिथे खुंटी. मग दुसऱ्या बाजूला तेच.

मी वाचून डोक्याला हात लावला. एकच दोरी, एकच खेच, दोन्ही अर्ध्यांवर ताण सारखा. नायलॉन लांबू दे की किती लांबायचा तो, दोन्हीकडे सारखाच लांबणार! मला आठ मीटर नकोच होते, मला "दोन्हीकडे सेम" हवं होतं. त्रिज्या किती आहे हे कोणी विचारतच नव्हतं आणि मी गाठी मोजत बसलो होतो.

युक्लिडचा रस्ता वेगळा. तो त्याच्या 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या दहाव्या प्रमेयात रेषाखंडावर समभुज त्रिकोण उभा करतो आणि वरचा कोन दुभागतो. कागदावर सुंदर आहे, अंगणात मला दोरीवालेच जवळचे वाटले.

आज विषुवदिन पण आहे, हे ठरवून नाही झालं.

२२ मार्च, शनिवार

दुसरा प्रयोग, सकाळी सात वाजता, ऊन यायच्या आत.

दोरी १६ मीटर, दोन्ही टोकांना फास, फास खिळ्यांत. मध्य काढायला दोरी दुमडून फासावर फास ठेवला आणि जिथे वळली तिथे लाल दोरा बांधला. तो लाल दोरा एका काठीवर धरून मी मागे मागे गेलो. ही गोष्ट हाताला कळते, खरंच. एका बाजूला जरा सरकलो की त्या बाजूची दोरी सैल पडून पोटात लोंबते, दुसरी कडक होते, आणि परत मधे आलो की दोन्ही एकदम ताठ होतात, काठी आपोआप थांबते. लेकीने धरून बघितली, म्हणाली "बाबा ती स्वतःच सांगतेय".

तरी टेप. अ पासून ८.०५, ब पासून ८.०५. दोरी पाच सेंमी ताणली गेली आणि काही बिघडलं नाय.

एक पडताळा अजून. लाल दोरा चुकून मध्याच्या इकडेतिकडे असेल तर? म्हणून फासांची अदलाबदल केली, अ चा फास ब ला आणि ब चा अ ला, परत ताणलं. खूण आधीच्या खुणेपासून दीड सेंमी सरकली. म्हणजे दोऱ्यात बारीक चूक होती, टेपला ती अर्ध्या सेंमीएवढीच दिसली असती आणि मी सोडून दिली असती. पण उलटं केल्यावर चूकही उलटी होते, तर दोन खुणांच्या मधली जागा बरोबर. तिथे खडूची फुली. जवळच्या बिंदूसाठी ८ मीटरचा दुसरा तुकडा, तसंच.

मग तळमजल्यावर गळतीचं काम करणारे गवंडी मामा त्यांची लाइनदोरी घेऊन आले. तिला गेरू चोळला, दोन फुल्यांवर ताणली, मधे धरून फटका मारला, लाल रेघ उठली. मामांना ही सगळी भानगड जास्तच वाटत होती, ते म्हणाले गुण्यात (म्हणजे काटकोनात) आहे का ते बघू. अब च्या मध्यापासून खांबाकडे ६ फूट, रेघेवर ८ फूट, आणि तिरकं माप १० फूट यायला पाहिजे. सूतभर कमी आलं. मामा म्हणाले "एवढं तर माझ्या भिंतीतपण असतं." मोठी शाबासकी मानून घेतली.

आणि आता गेट. रेघ गेटच्या मध्यापासून ११ सेंमी डावीकडे जाते. लाइन बरोबर आहे, गेट वाकडं बसवलंय. एक आठवडा आधी चुकीच्या रेघेला टाळ्या पडल्या होत्या, आज बरोबर रेघेला सगळे म्हणतायत काहीतरी गडबड आहे.

२३ मार्च, रविवार

मीटिंग, जिन्यातच. सेक्रेटरी साहेबांचं म्हणणं लोक गेटमधून आत येणार तर रांगोळी गेटला धरून हवी. मी म्हटलं मग ती खांबांना तिरकी दिसेल. कोणीतरी म्हणालं दोन्हीच्या मधे घ्या, साडेपाच सेंमी, म्हणजे दोन्हीकडून चुकीची. काकूंनी निकाल लावला. फोटो सगळे वरून आणि लॉबीतून काढतात, गेटमधून कुणी फोटो काढत नाही, खांबांना धरून काढा आणि गेटचं मी बघते. कसं बघणार ते सांगितलं नाय.

२९ मार्च, शनिवार, रात्री

मुख्य आखणी. गेरूने सारवल्यासारखा गोल पट्टा आधीच दिलाय, सुकला. केंद्र रेघेवर ६ मीटरवर, अडीच मीटर त्रिज्येचं वर्तुळ. कमळ आठ पाकळ्यांचं. (सहा असत्या तर त्रिज्येनेच वर्तुळावर सहा पावलं टाकून मोकळे झालो असतो, पण काकूंना आठच हव्यात.)

आडवी रेघ काढायला परत तेच. मुख्य रेघ वर्तुळाला जिथे वर आणि खाली कापते ते दोन बिंदू घेतले, त्यांचा लंबदुभाजक म्हणजेच केंद्रातून जाणारी आडवी रेघ. इथे दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती म्हणून पोरांना दाखवायला मुद्दाम पूर्ण कंस मारले, खडूने, डावीकडून उजवीकडे. चेंदणी कोळीवाड्यातून लेकीचा वर्गमित्र आला होता, त्याने दोन कंसांमधला आकार आणि टोकाला पुढे गेलेल्या शेपट्या बघितल्या आणि म्हणाला "काका, पापलेट!" हसलो सगळे. मग मी सांगितलं की सूर्यसिद्धांतात याच आकाराला तिमि म्हणतात, तिमि म्हणजे मासा, आणि त्या माशाच्या तोंडातून शेपटीपर्यंत दोरी ताणायची म्हणजे रेघ मिळाली. पोरगा म्हणाला मग बरोबरच आहे ना माझं. बरोबरच आहे.

चार बिंदू मिळाले, शेजारशेजारचे जोडून चार बाजू मोजल्या. ३.५४ यायला हव्यात. आल्या ३.५३, ३.५४, ३.५४, ३.५३. आता मधल्या चार पाकळ्या. प्रत्येक बाजू ही वर्तुळाची जीवा, आणि जिवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातोच, कारण केंद्र जिवेच्या दोन्ही टोकांपासून सारखंच लांब आहे. म्हणजे दुसरा बिंदू फुकट मिळाला! बाहेरून एकदाच दोरी ताणायची आणि थेट केंद्राला जोडायचं. चार वेळा केलं, वीस मिनिटं पण लागली नाहीत. लेक म्हणाली म्हणजे उलटं करून आईच्या परातीचं केंद्रपण निघेल, दोन जीवा घेतल्या की झालं. परातीवर खडूने रेघा मारायची परवानगी मिळाली नाही.

साडेदहाला आखणी काकूंच्या ताब्यात दिली. त्यांनी एकदा चारी बाजूंनी फेरी मारली, कमरेवर हात ठेवून बघितलं, काही बोलल्या नाहीत, चाळणी मागितली. पहाटे तीनपर्यंत पाच जणींनी संस्कारभारतीचे गोल, सर्परेषा, सगळं भरलं. पाचही बोटांतून पांढरी रांगोळी एकसारखी सोडत त्या रेघेवरून मागे मागे जात होत्या आणि माझी खडूची रेघ त्याखाली गडप होत होती. मी पाणी आणून देण्याच्या कामावर होतो.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी स्वागतयात्रेला जाणारे शेजारच्या सोसायटीतले लोक गेटपाशी थांबून बघत होते. दुसऱ्या माळ्यावरून कमळ सरळ दिसतं, पाकळीचं टोक बरोबर दोन खांबांच्या मधे.

आणि गेटचं काय केलं ते आज कळलं. काकूंनी तोरण गेटच्या मधे न बांधता लॉबीतून बघताना डावीकडे सरकवून बांधलंय, मधला नारळ रांगोळीच्या रेघेत. मी टेप लावून बघितला, ११ सेंमी. कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त गवंडी मामा गुढीला नमस्कार करून जाताना वर बघून म्हणाले, तोरण सरकलंय वाटतं.

राहिलेलं: दोरी गुंडाळून ठेवायची, लेकीच्या कर्कटकाचा स्क्रू बदलायचा, सांध्यातले खिळे काढायचे. खिळ्यांची आठवण सेक्रेटरी साहेबांनी दोनदा केलीये.